बाळंत व्हायच्या आधी तिला हे सांग

चि. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. व्हॉट्सअ‍ॅपवर न टाकता कागदावर लिहिलंस, फार बरं केलंस. असल्या गोष्टी मोबाइलमध्ये राहिल्या की कधी ना कधी कुणाच्या तरी हाती लागतात. माझंही उत्तर कागदावरच आहे. वाचून झालं की घरच्या कपाटात ठेव, उपकेंद्राच्या टेबलावर नको.

मुलगी एकोणीस वर्षांची, लग्न झालेलं नाही, सातवा लागलाय. आणि तिची आई तुला बाजूला घेऊन म्हणाली, "सिस्टर, तुमच्या वळखीत लेकरू नसलेलं एखादं जोडपं असंल तर बघा की. आमचं झाकून जाईल अन् त्यांचं घर भरंल." तू हो म्हणाली नाहीस आणि नाहीही म्हणाली नाहीस. आता पुढच्या भेटीत त्या माउलीला काय सांगायचं, असं विचारतेस.

तिला सांग की लेकरू सोपवायची कायद्याची वाट आहे. तिथं पैसा लागत नाही, पोलीस केस होत नाही आणि पोरीचं नाव बाहेर जात नाही. पण हे तिला बाळंतपणाच्या आधी कळलं पाहिजे. तसं झालं तरच त्याचा उपयोग. बाकी जे लिहिते आहे ते तुझ्या हाताशी असावं म्हणून.

आधी का, ते सांगते. दवाखान्यात होते तेव्हा उकिरड्यावर, बांधाच्या बाभळीत, एसटी स्टँडच्या बाकड्याखाली सापडलेली लेकरं पोलीस आमच्याकडेच आणायचे. अंग गार पडलेलं, नाकातोंडात माती, नाळ साडीच्या काठाच्या दोऱ्यानं बांधलेली. पण एक गोष्ट माझ्या फार लवकर लक्षात आली. त्यातली कितीतरी लेकरं धडप्यात नीट गुंडाळलेली असायची, डोक्याला फडकं बांधलेलं असायचं आणि ठेवलेली असायची ती पायवाटेच्या कडेला, पहाटे माणसाची ये-जा होईल अशा जागी. ते लेकरू मरावं असं तिला वाटत नव्हतं. कुणाच्या हातात द्यायचं, एवढंच तिला ठाऊक नव्हतं. कळा सुरू झाल्यावर, घरातले दिवे मालवलेले, आई तोंडात पदर कोंबून बसलेली, अशा वेळी बाईला कायदा सुचत नाही. तिला जे आधी कुणीतरी सांगितलेलं असतं तेवढंच आठवतं. तिच्या गावात तिला असं काही सांगू शकेल असं माणूस एकच, ते म्हणजे तू. फार तर तुझी आशाताई.

आता कायदा. बाल न्याय कायदा, २०१५. त्याचं कलम ३५ सरेंडरचं, म्हणजे लेकरू सोपवण्याचं आहे. बालकल्याण समितीत सगळे सरेंडरच म्हणतात, मीही तेच म्हणते. शारीरिक, मानसिक किंवा सामाजिक कारणानं, म्हणजे आपल्या हाताबाहेरच्या परिस्थितीमुळं, ज्या आईबापाला लेकरू सांभाळणं शक्य नाही, त्यांनी लेकरू जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढं आणायचं. समिती विचारपूस करते, समुपदेशन करते, खात्री पटली की सरेंडर डीडवर, म्हणजे सोपवण्याच्या कागदावर सही घेते. मग दोन महिने आईला फेरविचाराला असतात. तेवढे दिवस लेकरू शिशुगृहात, म्हणजे मान्यता असलेल्या दत्तक संस्थेत राहतं. दोन महिन्यांत आई परत आली नाही तर समिती लेकराला दत्तकासाठी मोकळं जाहीर करते आणि पुढं ते रीतसर नंबराप्रमाणे एखाद्या घरी जातं.

केसचं म्हणशील तर कलम ३८ मध्ये एक परंतुक आहे: टाकलेल्या किंवा सरेंडर केलेल्या लेकराच्या चौकशीत जन्मदात्या आईबापावर एफआयआर नोंदवायचा नाही, दुसरा कुठलाही कायदा काहीही म्हणत असला तरी. ही ओळ छापून पर्समध्ये ठेव. चौकीवरच्या हवालदाराला ती बहुतेक वेळा माहीत नसते. तो आपला भारतीय न्याय संहितेचं कलम ९३ सांगतो, जुनं ३१७, बारा वर्षांच्या आतलं मूल उघड्यावर टाकलं तर सात वर्षांपर्यंत शिक्षा. तोही खोटं सांगत नाही. तीच बाई, तीच रात्र, तेच लेकरू. बाभळीत ठेवलं तर सात वर्षांची भीती, समितीपुढं ठेवलं तर केसच नाही. हा फरक तिच्या आईला अगदी अशाच शब्दांत सांग. कलमांचे आकडे तिच्यापुढं नकोत, ते हवालदारासाठी.

बापाचं नाव द्यावं लागतं का, हे ती विचारणारच. लग्न न झालेल्या आईची एकटीची सही चालते. शक्यतो बाई सदस्यापुढंच तिचं म्हणणं घ्यावं असंही नियमात आलेलं आहे. सरेंडर झालेल्या लेकराची पेपरात जाहिरात देत नाहीत. टाकलेल्या लेकराची मात्र फोटोसकट द्यावी लागते, कारण आईबापाचा शोध घ्यायचा असतो. हाही फरक तिला सांग. आपल्या पोराचा फोटो पेपरात छापून येईल आणि शेजारीण ओळखेल, ही धास्ती या बायांना आपल्याला वाटते त्याहून जास्त असते.

बापाचं नाव कुणी विचारत नाही ही त्या पोरीवर मेहेरबानी आहे, आणि त्याची मला तितकीच चीडही येते. जाऊ दे.

समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यात निदान एक बाई असतेच. समिती महिन्यातून किमान वीस दिवस बसावी असा नियम आहे. बैठक नसेल त्या दिवशी लेकरू एकट्या सदस्यापुढंही हजर करता येतं, म्हणजे "आज रविवार आहे, उद्या या" असं म्हणून कुणाला परत पाठवता येत नाही. तरी पाठवतात. म्हणून आधी जिल्हा बाल संरक्षण कक्षात फोन करून ठेवायचा. रात्रीबेरात्री १०९८, मुलांची हेल्पलाइन. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर लेकरू ताब्यात आल्यापासून चोवीस तासांच्या आत ही खबर देणं दवाखान्यालाही बंधनकारक आहे, प्रवासाचा वेळ सोडून.

समुपदेशनाबद्दल दोन शब्द, कारण तिथं तू बरोबर असशील. काही ठिकाणी ते समुपदेशन राहत नाही, उलटतपासणी होते. "तेव्हा कळलं नाही का?" असा प्रश्न मी माझ्या कानांनी ऐकलाय, तोही बाईच्या तोंडून. असं झालं तर तू तिथंच नम्रपणे म्हण, "मॅडम, तिला त्रास होतोय, मी तिच्याजवळ बसू का?" भांडू नकोस. भांडलीस की तिची फाइल अडते. नुसती जवळ जाऊन बसलीस तरी विचारणाऱ्याचा आवाज उतरतो.

आणि समुपदेशनाचा अर्थ तिचं मन वळवणं असाही नाही. एका बाजूला "आई ना गं तू?" म्हणून लेकरू तिच्या गळ्यात घालणारे असतात, दुसऱ्या बाजूला "तुझं आयुष्य पडलंय अजून" म्हणून सही उरकून घेणारे. तू दोन्हीकडचं नको. तिला ठेवायचं असेल तर काय काय मिळतं तेही तितक्याच सरळपणे सांग. एकट्या पालकाच्या लेकरासाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २२५० रुपये. बापाच्या नावाशिवाय जन्माचा दाखला मिळतो, सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्येच तसं सांगितलंय. घरी राहणं अवघड झालं असेल तर शक्ती सदन आहे, बायांचं सरकारी निवारागृह, पूर्वीचं स्वाधार. बाळंतपणाआधीच तिथं जाऊन राहता येतं. गावातून दोन-तीन महिने गायब व्हायला लोक "पुण्याला कामाला गेली" म्हणतात. आपल्या भागात अर्धा गाव दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो, कोण कुठं गेलं याचा कुणी फार पाठपुरावा करत नाही. ही एकच सोय त्या आगाऊ उचलीच्या धंद्यानं करून ठेवलीय म्हणायची.

आता त्या जोडप्याचा विषय. तिची आई वाईट बोलली नाही. आपल्याकडं पिढ्यान् पिढ्या असंच चाललंय, बहिणीनं बहिणीच्या ओटीत लेकरू घातलंय. नात्यात रीतसर दत्तक द्यायला १९५६ चा हिंदू दत्तक कायदा आजही आहे. त्यात कागद होतो, वकील लागतो आणि पैशाची देवाणघेवाण चालत नाही. पण "तुमच्या वळखीत कुणी" हे त्यातलं नाही. मी सांगते पुढं काय होतं. खासगी दवाखान्यात त्या दुसऱ्या बाईच्याच नावानं पोरीला भरती करतात, म्हणजे जन्माच्या दाखल्यावर थेट तिचंच नाव लागतं. मध्ये कुणीतरी एक असतो, तो दोन्हीकडून घेतो. ज्यांनी लेकरू नेलं त्यांना पुढं दिवस गेले, किंवा लेकरू अधू निघालं, किंवा नवराबायकोचं बिनसलं, की ते कुठं जातं याचा कुणाला पत्ता नसतो. कायद्यानं म्हणशील तर रीत सोडून लेकरू देण्याघेण्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखभर दंड, नाहीतर दोन्ही. विक्री असेल तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. आणि त्यात दवाखान्याचा माणूस असेल तर कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं. सिस्टर हीसुद्धा दवाखान्याचीच माणूस. चहाचे म्हणून कुणी पाचशे रुपये हातात ठेवले तरी. तुझ्या चांगुलपणावर मला शंका नाही, पण चांगुलपणानंच यात सापडलेल्या मी पाहिल्यात.

लेकरू सापडलं तरी हेच. परळीला किंवा तुळजापुरी देवळाच्या पायरीवर लेकरू सापडलं, घरात मूलबाळ नाही, "देवीनंच ओटी भरली" म्हणून घेऊन गेले, असं होतं. कुणाचं मन मोडायचं नाही, पण त्यांना सांगायचं की चोवीस तासांत खबर दिली नाही तर तोही गुन्हा आहे. शिवाय ज्याला सापडलं त्यालाच मिळेल असं नसतं, त्यांनी दत्तकासाठी 'कारा'मध्ये, म्हणजे केंद्राच्या दत्तक प्राधिकरणात नाव नोंदवायचं आणि नंबर लावायचा. आणि फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकू द्यायचा नाही. लेकराची ओळख उघड करणं हा वेगळा गुन्हा आहे, सहा महिने किंवा दोन लाख. आधी ते लेकरू उचलून पोटाशी घ्यायचं, कातडीला कातडी लावून, वरून पदर. पोलीस येईपर्यंतच्या अर्ध्या तासात तेच त्याला वाचवतं.

तू अमेरिकेचं विचारलंस, तिथं म्हणे अग्निशमन केंद्रात लेकरू ठेवून निघून जाता येतं, कुणी नावही विचारत नाही. खरं आहे. १९९९ मध्ये टेक्सासनं पहिला असा कायदा केला आणि दहा वर्षांच्या आत पन्नासही राज्यांत तो झाला. दवाखाना, अग्निशमन केंद्र, काही ठिकाणी पोलीस ठाणं, तिथल्या माणसाच्या हातात लेकरू द्यायचं आणि जायचं. मुदत राज्याराज्यात वेगळी: कॅलिफोर्नियात ७२ तास, टेक्सासात ६० दिवस. नेब्रास्काची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. २००८ मध्ये त्यांनी कायदा केला आणि त्यात नुसतं "मूल" म्हटलं, वयाची अट घातलीच नाही. काही महिन्यांत तिसाहून जास्त मुलं दवाखान्यात आणून सोडली गेली, आणि ती तान्ही नव्हती! बहुतेक मोठी, काही तर सतरा वर्षांची. काही आईबाप दुसऱ्या राज्यातून गाडी हाकत आले होते. डोक्याचा आजार असलेल्या, हाताबाहेर गेलेल्या पोरांना कुठं दाखवावं हे त्या घरांना कळेना, आणि हे एक दार उघडं दिसलं. नोव्हेंबरमध्ये घाईनं अधिवेशन भरवून त्यांनी ३० दिवसांची अट घातली. तान्ह्यांसाठी केलेल्या कायद्यानं राज्याला भलतीच गरज दाखवून दिली.

आपल्याकडं तसा बिननावाचा कायदा नाही, पण गुपचूप लेकरू ठेवून जायचे पाळणे आहेत. तामिळनाडूत १९९२ मध्ये सेलमला सुरुवात झाली, केरळात २००२ मध्ये अम्मत्तोट्टिल नावाचा तसाच पाळणा आला. दत्तकाच्या नियमांतही दवाखान्यात, प्राथमिक आरोग्य केंद्रात पाळणा असावा असं म्हटलंय. तुझ्या केंद्रात आहे का ते बघ. असेल तर त्यात जुन्या फायली ठेवलेल्या नाहीत ना, तेही बघ. माझं मत विचारशील तर जिला तोंड दाखवणं खरंच शक्य नाही तिच्यासाठी पाळणा हवाच, बाभळीपेक्षा तो केव्हाही बरा. पण जिला दाखवणं शक्य आहे तिनं समितीतच जावं. पाळण्यातल्या लेकराबरोबर काही येत नाही. घरात कुणाला साखर, झटके, सिकलसेल आहे का, आईचा रक्तगट काय, बाळंतपणात काय झालं, हे सगळं समितीच्या कागदावर येतं. ते लेकरू पंचवीस वर्षांचं होऊन डॉक्टरपुढं बसेल तेव्हा त्याला ते लागेल. जर्मनीत २०१४ पासून आईनं आपलं नाव बंद पाकिटात ठेवायची सोय केली आहे. बाळंतपण गुप्त होतं, पण लेकरू सोळा वर्षांचं झालं की ते पाकीट मागू शकतं. मला तो मधला मार्ग पटतो. आपल्याकडं मोठं झाल्यावर मूळ शोधण्याचा अर्ज करता येतो, पण आईची ओळख तिच्या मर्जीशिवाय दिली जात नाही. हे त्या पोरीला सांगितलंस तर ती सुटकेचा श्वास टाकेल. कदाचित टाकणारही नाही. दोन्ही पाहिलंय.

आणि हे सगळं परदेशातून आलेलं आहे असं समजू नकोस. १८६३ मध्ये पुण्यात जोतिराव-सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, विधवांनी गुप्तपणे येऊन बाळंत व्हावं, लेकरू न्यावं किंवा ठेवून जावं. तिथंच जन्मलेला यशवंत त्यांनी पुढं दत्तक घेतला. पंढरपुरात १८७५ मध्ये लालशंकर उमियाशंकर नावाच्या न्यायाधीशानं तसंच घर सुरू केलं. आपला मराठवाडा तेव्हा निजामाकडं होता, पण इथल्याही बाया वारीला जातच होत्या.

लग्न झालेल्या बाईचं सरेंडर वेगळं, आणि तिथं तुला जास्त सावध राहावं लागेल. २०११ च्या जनगणनेत आपल्या बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलग्यांमागं ८०७ मुली होत्या. राज्यात सगळ्यात खाली. तेव्हा तिसरी-चौथी पोरगी झाली की सासू येऊन तुला विचारील, "ते सरकारात द्यायचं असतं म्हणं, त्ये कसं करायचं?" लग्नाच्या लेकराला नवराबायको दोघांच्याही सह्या लागतात. सासूची चालत नाही. बाळंतिणीशी एकटीशी बोल. वॉर्डात सगळ्या नातेवाइकांना बाहेर काढायचा हक्क सिस्टरला असतो, तो वापर. "टाके बघायचेत" म्हणून पडदा ओढ आणि विचार. तिचं उत्तर सासूच्या उत्तराहून वेगळं असेल तर ते समितीला कळव. सरेंडरचा कायदा बाईच्या गळचेपीसाठी केलेला नाही.

अठराच्या आतली असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा लागू होतो. लग्न झालेलं असलं तरीही. आपल्या भागात तशा पोरी तुला हमखास भेटतील, सोळाव्या वर्षी लग्न लावून ऊसतोडीच्या कोयत्याला बांधलेल्या. खबर देणं तुझ्यावर बंधनकारक आहे, लपवलंस तर तुलाच सहा महिने. पण तिला अंधारात ठेवून देऊ नकोस. "मला हे सांगावंच लागेल, पण तुझ्याजवळ मी असेन" असं आधी सांग, मग फोन उचल. सरेंडर तेव्हाही होतं, पोरीबरोबर मोठं माणूस साक्षीला लागतं. लवकर आली असती तर २४ आठवड्यांपर्यंत गर्भपाताचा मार्ग होता, सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या निकालानं तो लग्न न झालेल्या बायांनाही मोकळा केला. तुझ्या या मुलीला सातवा लागला, आता तो बंद. पुढच्या पोरीच्या वेळी लक्षात ठेव.

आता एक गोष्ट जी कुठल्याच कायद्यात नाही आणि समितीतले लोक विसरतात. दूध. तिसऱ्या दिवशी दूध उतरतं, लेकरू जवळ असो वा नसो. समितीपुढं एक बाई आली होती, पाचव्या दिवशी. उभी राहून उत्तरं देत होती, पदर दोन्ही हातांनी पुढं ओढून धरलेला. सगळ्यांना वाटलं लाजतेय. ब्लाऊज ओला झाला होता. शेजारच्या खोलीत तिचंच लेकरू रडत होतं आणि त्या आवाजानं पान्हा फुटत होता. मी तिला आत नेलं, टॉवेल दिला, थोडं दूध हातानं काढून दिलं तेव्हा ती पहिल्यांदा रडली. त्याआधी तिच्याकडं बघून सदस्य म्हणत होते, काही वाटलेलं दिसत नाही हिला. तेव्हा तुझ्या पोरीला हे आधी सांग. गार पाण्याच्या पट्ट्या, अंगाला नीट बसणारे कपडे, फार दुखलं तर जरासं काढून टाकायचं, पूर्ण नाही, नाहीतर आणखी येतं. आवळून फडकी बांधतात तसं बांधू नको, गाठी होतात. दूध आटवायची गोळी असते, ती डॉक्टरांना विचारून. ताप आला तर लगेच दवाखाना. लेकराला द्यायच्या आधी एकदा पाजायचं असेल तर पाजू दे. "माया लागेल" म्हणून अडवणाऱ्या बाया असतात. ते तिनं ठरवावं, आपण नाही.

त्याच बाईनं सही करायच्या आधी विचारलं, दोन महिने म्हणजे कधीपर्यंत? समितीच्या बाबूनं तारीख सांगितली. ती तशीच बघत राहिली. मग स्वतःच म्हणाली, "दोन अमावस्या झाल्या की संपलं म्हणा ना." डीड वाचून दाखवली होती, समजलं का विचारलं होतं, तिनं समजलं म्हणलंही होतं. पण मुदत तिला समजली ती तेव्हा. तेव्हा तारीख सांगताना सण सांग, अमावस्या सांग, बाजाराचा वार सांग. मुदतीच्या आत एकीला तिचा भाऊ घेऊन आला आणि लेकरू घेऊन गेला, तोही घरात भांडून आला होता. दुसरी एक मुदत संपल्यावर आली. लेकरू मोकळं जाहीर झालेलं होतं. तिला कुणी तारीख नीट सांगितलीच नव्हती. तिच्याशी काय बोलावं ते कुणालाच सुचेना.

सुरुवात मात्र साध्या गोष्टीनं कर. तिची नोंद घे. घरचे "नोंद नको" म्हणतील, त्यापायी धनुर्वाताची सुई, रक्ताच्या गोळ्या, तपासण्या, काहीच होत नाही, आणि कळा आल्या की सुईण शोधत फिरतात. पोरीचा जीव वाचला पाहिजे हे पहिलं, लेकराचं त्यानंतर. बाळंतपण गावाजवळ नको. अंबाजोगाईचं मेडिकल कॉलेज मोठं आहे, गर्दीत कुणी कुणाला ओळखत नाही, आणि लेकरू काचेत ठेवायची वेळ आली तर तिथं सोय आहे. लेकराला जन्मल्याबरोबर व्हिटॅमिन केची सुई, चोवीस तासांत बीसीजी, पोलिओ, कावीळची लस, आणि सगळ्याची नोंद कार्डावर. कार्ड लेकराबरोबर गेलं पाहिजे.

आशाताईला सांगायचं की नाही, हे तू ठरव. मी तिथली आशाताई ओळखत नाही. पोटात ठेवणारी असेल तर तिच्यासारखा आधार नाही. नसेल तर तिला एवढंच सांग की पोरगी अशक्त आहे, तपासणीला नेते.

मंगळवारी जाशील तेव्हा आधी आईशी बोल, मुलीशी मग वेगळं. आईला घराण्याची काळजी आहे, मुलीला कशाची आहे ते अजून तू पत्रात लिहिलेलं नाहीस. बहुधा तिला कुणी विचारलेलंच नाही. तिला लेकरू ठेवायचं असू शकतं. जो तो त्याला घालवायच्या मागं लागलाय, म्हणून ती गप्प असेल. तिचं काय म्हणणं आहे ते मला कळव, मग जिल्हा कक्षातल्या बाईंना मी फोन करते. आणि नववा लागला की तारीख सांग. मी अंबाजोगाईला येऊन थांबेन.

तुझी,
सिस्टर